लॉकडाऊन उठला, सवयी बसल्या

मागच्या अंकात वाचकांना एक प्रश्न विचारला होता: लॉकडाऊनमध्ये 'तात्पुरतं' म्हणून सुरू झालेलं खाण्यापिण्यातलं काय तुमच्या घरात अजून चालू आहे? जमल्यास तेव्हा वाण्याला पाठवलेली यादीही मागितली होती. मार्च-एप्रिल २०२० मध्ये कित्येक घरांनी पहिल्यांदाच किराण्याची यादी व्हॉट्सअॅपवर पाठवली, आणि ज्यांनी फोन बदलताना चॅट जपले त्यांच्याकडे ती अजून आहे. आमच्या आहारसल्ल्याच्या धंद्यात याहून प्रामाणिक कागद मिळत नाही. 'मी फारसं काही खातच नाही हो' म्हणणारी माणसंही वाण्याशी खोटं बोलत नाहीत.

पत्रं भरपूर आली. त्यातली पाच इथे घेते आहे. नावं सगळ्यांचीच वगळली आहेत आणि लांबलेली पत्रं थोडी कापली आहेत.

प्रश्न : माझं वय ४६. घरात मी, मिस्टर, सासूबाई आणि दहावीतला मुलगा. लॉकडाऊनपासून मिस्टरांचं निम्मं काम घरूनच चालतं. सकाळी नाश्ता, अकराला तोंडात टाकायला काहीतरी, जेवण, चारचा चहा आणि त्यासोबत काही, रात्रीचं जेवण, आणि साडेअकराला मुलाचं 'आई, भूक लागली'. तिघांचीही वजनं वाढली, मुलाचं जास्तच. सासूबाई म्हणतात, बाहेरचं कुठे खातोय, घरचंच तर आहे. तेलाचा पाच लिटरचा कॅन महिनाभर पुरत नाही. यादी सोबत पाठवते आहे. काय बंद करू? (डोंबिवली)

उत्तर : तुमची एप्रिल २०२० ची यादी वाचून हसू आलं, कारण ती त्या महिन्यात अर्ध्या महाराष्ट्राची यादी होती. मैदा दोन किलो, कोको पावडर, कंडेन्स्ड मिल्क, साबुदाणा, शेंगदाणे दोन किलो, आणि तळाशी 'काका, यीस्ट कुठेच मिळत नाहीये, तुमच्याकडे आलं तर ठेवा'. ते दिवस भीतीचे होते, घराबाहेर पाऊल टाकता येत नव्हतं, आणि माणसांनी केक-जिलब्या करून वेळ काढला. त्याबद्दल कुणाला दोष देण्यात अर्थ नाही. मला काळजी वाटली ती आत्ताच्या यादीची. मैदा आणि कोको गेलेत, पण फरसाण, खारी, टोस्ट आणि नूडल्सचा मोठा पुडा आलाय. म्हणजे करण्याचा उत्साह ओसरला आणि खाण्याच्या वेळा तेवढ्या राहिल्या.

सासूबाईंचं म्हणणं अर्धं खरं आहे. घरचं खाणं ताजं असतं, तेल पुन्हापुन्हा तापवलेलं नसतं. पण घरची पुरी तेल कमी पिते असं नाही. हिशेब करू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत २००० कॅलरींच्या आहाराला दिवसाला २७ ग्रॅम तेल-तूप धरलंय. चौघांचं महिन्याचं होतं सव्वातीन किलो, म्हणजे साधारण साडेतीन लिटर, आणि त्यात पोळीवरचं तूपही आलं. तुमचा पाच लिटरचा कॅन महिनाअखेरीच्या आधीच संपतो. कॅनवर उघडल्याची तारीख मार्करने लिहून ठेवा आणि तो दीड महिना पुरवायचा असं ठरवा. कमी तेलाच्या पाककृती मी वेगळ्या देत नाही. तुम्हाला त्या येतात.

आता मुख्य मुद्दा. 'काय बंद करू' असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर आहे, काहीही बंद करू नका, घड्याळ परत आणा. मिस्टर रोज लोकलने जात होते तेव्हा ते किती खायचे हे त्यांच्या मनावर नव्हतं. जिने चढणं, डब्यात उभं राहणं, स्टेशनपासून ऑफिसपर्यंत चालणं यात दिवसाची सगळी हालचाल होऊन जायची, आणि डबा एकच असायचा. मुलाचंही तेच. लॉकडाऊन लागला तेव्हा तो साधारण पाचवीत असणार. म्हणजे पाचवी-सहावीचा बराचसा काळ त्याची शाळा मोबाइलच्या पडद्यावर भरली. शाळेत मधल्या सुट्टीची घंटा झाल्याशिवाय डबा उघडता येत नाही. घरी कॅमेरा बंद करून गणिताच्या तासाला बिस्किटाचा पुडा संपवता येतो. भूक लागल्यावर खाण्याऐवजी कंटाळा आला की खायचं, हे त्या दोन वर्षांत पोरं शिकली, आणि शाळा उघडली म्हणून ते आपोआप सुटलं नाही.

तेव्हा स्वयंपाकघराच्या वेळा ठरवा आणि चौघांना ऐकू जाईल अशा सांगा. नाश्ता, दुपारचं जेवण, चारचं खाणं, रात्रीचं जेवण. अकराला एखादं फळ किंवा मूठभर फुटाणे चालतील, पण ते ज्याचं त्याने उठून घ्यायचं. मिस्टर ऑफिसात चहासाठी मशिनपर्यंत चालत जात होते, घरी ओट्यापर्यंत जातील. चहात दोन चमचे साखर आणि दिवसाला पाच चहा म्हणजे जवळजवळ पन्नास ग्रॅम साखर झाली. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर शक्यतो दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. कप अर्धा करा, साखर एक चमचा. महिनाभरात जीभ वळते. त्यांच्या कमरेचं माप बेंबीच्या रेषेत टेपने घ्या. आपल्याकडच्या पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० ही हद्द धरतात. वजनकाट्याकडे रोज बघण्यापेक्षा महिन्यातून एकदा हे माप घेतलेलं बरं.

मुलाचं साडेअकराचं 'भूक लागली' खोटं नसेल. पंधरा वर्षांचा मुलगा आठला जेवून एकपर्यंत जागला तर त्याला भूक लागणारच. मग त्याला नूडल्स करून देऊ नका आणि उपाशीही ठेवू नका. रात्रीच्या जेवणात पोळी-भाजीबरोबर वाटीभर उसळ किंवा दोन अंडी असू द्या, जेवण साडेआठला, आणि त्यानंतर ओटा बंद. अगदीच लागलं तर कपभर दूध. फोन रात्री हॉलमध्ये चार्जिंगला, मोठ्यांचेही. दहावीचं वर्ष आहे म्हणून खेळ बंद केला असेल तर आजपासून सुरू करा. आणि त्याला डाएट वगैरे शब्द ऐकवू नका. त्याची उंची अजून वाढते आहे, वजन नुसतं स्थिर राहिलं तरी पुरे. जाड्या, ढोल्या ही नावं घरात चालत असतील तर ती मात्र आधी बंद.

आणखी एक. चौघांच्या घरात 'तिघांची वजनं वाढली' असं तुम्ही लिहिलंय. चौथं माणूस बहुधा तुम्हीच. सहा वेळा रांधणारी बाई स्वतः कधी जेवते हे पत्रात कुठेच नाही. पुढच्या पत्रात तेवढं कळवा.

प्रश्न : मी एकोणीस वर्षांची आहे, बी.कॉम.ला. आई धुणं-भांडी करते, बाबा रंगकाम. २०२० मध्ये सोसायट्यांनी आईला आत घेणं बंद केलं. काही घरांनी पगार दिला, काहींनी अर्धा, काहींनी फोनच उचलला नाही. रेशनकार्ड गावाकडे होतं. दोन-तीन महिने भात आणि मिरचीचा ठेचा किंवा भात आणि पातळ आमटी एवढंच. आई शेवटी बसायची. तेव्हापासून तिला कच्चे तांदूळ चघळायची सवय लागली, निवडताना मूठ मूठ तोंडात टाकते. आता जिना चढताना दम लागतो. हिमोग्लोबिन ८.६ आलं. आमच्या शेजारच्या काकू म्हणतात गूळ-शेंगदाणे दे. ही तांदळाची सवय कशी सोडवू? (पुणे)

उत्तर : तुझं पत्र नीट, मुद्देसूद आहे आणि त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तू सवय म्हणून लिहिली आहेस. कच्चे तांदूळ, माती, पाटीवरची पेन्सिल, बर्फ खावासा वाटणं हे शरीरात लोह कमी पडल्याचं नेहमीचं लक्षण आहे. आईला त्यावरून रागावू नकोस, तांदळाचा डबाही लपवू नकोस. लोह भरून आलं की ती ओढ बहुतेक वेळा आपोआप जाते, आणि बऱ्याचदा हिमोग्लोबिन वर यायच्या आधीच जाते.

बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असलं की रक्तक्षय. ८.६ म्हणजे मध्यम, पण ८ च्या खाली गेलं की तो तीव्र ठरतो आणि आई त्या कडेला उभी आहे. त्यामुळे हे काम स्वयंपाकघरात होणार नाही, गोळीनेच होईल. महापालिकेच्या दवाखान्यात जा. लोह आणि फॉलिक अॅसिडची गोळी तिथे फुकट मिळते. डॉक्टरांना तीन गोष्टी आवर्जून सांग. पाळीत रक्त किती जातं (या वयात गर्भाशयाच्या गाठींमुळे ते वाढलेलं असू शकतं), मूळव्याधीचा त्रास आहे का, आणि जंताची गोळी शेवटची कधी घेतली. रक्त कुठून तरी गळत असेल तर नुसतं भरून काय उपयोग?

गोळी उपाशीपोटी किंवा जेवणानंतर दोन तासांनी, लिंबूपाण्याबरोबर. पोटात मळमळलं तर जेवणाबरोबर घेतली तरी चालेल, पण सोडायची नाही. शौचाला काळं होतं, त्याला घाबरायचं नाही. बरं वाटायला लागल्यावर बायका गोळी बंद करतात. हिमोग्लोबिन बारावर आलं तरी पुढे तीन महिने ती चालू ठेवायची असते. हे महिन्यांचं काम आहे, म्हणून कॅलेंडरवर खुणा करायचं काम तू घे.

आता चहा. घरकाम करणाऱ्या माझ्याकडच्या बहुतेक बायकांचा दिवस मी असा ऐकलाय: प्रत्येक घरी एक कप चहा, कधी त्याबरोबर रात्रीची पोळी. चहा जेवणाला लागून घेतला की अन्नातलं लोह अंगी लागत नाही. चहा तोडायला मी सांगणार नाही, त्यावरच ती दिवसभर उभी असते. पण पोळी खाल्ल्यावर तासभर थांबून चहा, आणि गोळीच्या आसपास अजिबात नाही.

शेजारच्या काकूंचे शेंगदाणे चांगले, पण गुळाबद्दल गैरसमज फार आहे. गुळात लोह इतकं नगण्य असतं की त्यावर विसंबलं तर साखरच जास्त पोटात जाईल. हळीव जास्त कामाचे. चमचाभर भिजवून, वर लिंबू पिळून. मटणवाल्याकडे कलेजी मिळते. खात असाल तर आठवड्यातून एकदा, आणि ती आईच्या ताटात, उरली तर इतरांच्या. एरवी बाजरीची भाकरी, मेथी-राजगिरा-माठ जो स्वस्त असेल तो, मटकी-हरभऱ्याला मोड आणून, आणि जेवताना कच्चा कांदा-टोमॅटो-लिंबू काहीतरी.

रेशनबद्दल दोन शब्द, कारण तुझ्या पत्रात ते एका ओळीत आलंय आणि तेवढ्यात संपणारं नाही. एप्रिल २०२० पासून माणशी पाच किलो मोफत धान्य आणि कार्डामागे एक किलो डाळ द्यायचं ठरलं. सुरुवातीचे महिने आपल्याकडे ते मुख्यतः तांदूळच होतं. पोट भरायला त्याने मोठा आधार दिला, यात शंका नाही. पण माणशी पाच किलो तांदळाला अख्ख्या कुटुंबात एक किलो डाळ म्हणजे ताट पांढरंच राहणार. शिवभोजन थाळी तेव्हा पाच रुपयांना होती आणि तिच्यात दोन चपात्या, भाजी, वरण, भात होता. ताट म्हणून ती जास्त शहाणी होती. पण रांगेत उभं राहायला केंद्रापर्यंत पोचायला हवं. आता कार्ड गावचं असलं तरी बहुतेक ठिकाणी अंगठा लावून शहरातल्या दुकानात धान्य उचलता येतं. तुमचं चालतं का, हे जवळच्या रेशन दुकानात आधार क्रमांक देऊन बघ.

आणि कुणी म्हणालं की हे सगळं कोरोनामुळे झालं, तर तेही पूर्ण खरं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. ही पाहणी आपल्याकडे २०१९ मध्ये झाली, लॉकडाऊनच्या आधी. म्हणजे निम्म्याहून अधिक बायका त्या काळात शिरल्या त्याच मुळात रिकाम्या टाकीने. शेवटी बसणं तर त्याही आधीपासूनचं आहे. आजपासून आईचं ताट तू पहिल्या पंगतीला वाढ. ती नको म्हणेल. तरी वाढ.

तू स्वतःचंही हिमोग्लोबिन तपासून घे. त्याच दिवशी, त्याच दवाखान्यात.

प्रश्न : वडील ७४. कोरोनाच्या सुरुवातीपासून दिवसातून दोनदा काढा घेतात: सुंठ, मिरी, दालचिनी, गुळवेल, ज्येष्ठमध. शिवाय झिंक आणि सी जीवनसत्त्वाच्या गोळ्या, आणि २०२१ मध्ये डॉक्टरांनी लिहून दिलेली डी जीवनसत्त्वाची पुडी दर रविवारी, ती अजून चालू आहे. हल्ली तहान फार लागते, पोट साफ होत नाही, आणि रक्तदाब गोळी असूनही चढाच. 'याच्यामुळेच मी वाचलो' म्हणतात. (सांगली)

उत्तर : रविवारची पुडी आजच थांबवा आणि याच आठवड्यात त्यांना डॉक्टरांकडे न्या. ती पुडी साठ हजार युनिटची असते. कमतरता असेल तर ती साधारणपणे आठ आठवडे देतात आणि मग पुढचं ठरवतात. ती वर्षानुवर्षं दर आठवड्याला घ्यायची नसते. हे जीवनसत्त्व चरबीत साठतं, लघवीवाटे निघून जात नाही, आणि फार झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं. जास्तीची तहान आणि बद्धकोष्ठ ही त्याची खूण असू शकते. डी जीवनसत्त्व, कॅल्शियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळतं ते) आणि साखर, चारही तपासून घ्या. तहान मधुमेहाचीही असू शकते, म्हणून साखर.

रक्तदाबाचा संशय मला ज्येष्ठमधावर आहे. घसा बसल्यावर दोन दिवस चघळणं वेगळं. रोज, दोनदा, वर्षानुवर्षं घेतलं तर अंगात मीठ-पाणी धरून राहतं, पोटॅशियम उतरतं आणि रक्तदाब चढतो. गुळवेलाबाबत मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं होतं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. तो वाद बाजूला ठेवला, तरी डॉक्टरांना न सांगता इतकी वर्षं रोज घ्यायची ती वस्तू नाही. यकृताची तपासणीही सांगून टाका. झिंक जास्त काळ घेतलं तर तांबं कमी पडतं, तेही बंद.

बाबांचं मन मोडू नका. त्या काळात ज्या वयाच्या माणसांना सगळ्यात जास्त धोका होता, त्या वयाचे ते होते, आणि काढ्याने त्यांना काहीतरी हातात असल्याचा धीर दिला. आलं-तुळस-गवती चहाचा एक कप सकाळी राहू द्या. पुड्या आणि डब्या मात्र एका पिशवीत भरून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. तोंडी सांगताना दोन नावं नक्की राहतात.

प्रश्न : वय ३९. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत स्टेरॉइड घ्यावं लागलं, तेव्हा साखर तीनशेवर गेली होती. नंतर उतरली. आता एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१ आहे. हा कोरोनाचा मधुमेह का? गोळी लागेल का? (नागपूर)

उत्तर : स्टेरॉइडने चढलेली साखर बहुतेकांची औषध थांबल्यावर उतरते, तुमचीही उतरली. ६.१ हा आजचा आकडा आहे. ५.७ ते ६.४ हा मधुमेहाच्या उंबरठ्याचा टप्पा, ६.५ पासून पुढे मधुमेह. स्टेरॉइडने तुमचा कल आधीच दाखवून दिला असं समजा. गोळीचं डॉक्टर ठरवतील. वजन जास्त असेल तर त्यातलं सात टक्के उतरवणं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चालणं, एवढ्याने अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं होतं. ताटात पोळ्या दोन, भात अर्धी वाटी, आणि वरण पातळ नको, दाट. एचबीए१सी सहा महिन्यांनी परत. मधुमेह घराण्यात असेल तर तीन महिन्यांनी.

प्रश्न : लॉकडाऊनमध्ये मी (वय ५२) बायकोकडून स्वयंपाक शिकलो. भाकरी फुगायची माझी. ऑफिस सुरू झालं आणि सगळं सुटलं. आता रविवारी करतो म्हटलं तर ती म्हणते, 'तुम्ही ओटा घाण करता, राहू द्या.' परत सुरू करायचंय. काय करू? (कोल्हापूर)

उत्तर : इतक्या पत्रांत चांगली गोष्ट सुटल्याचं हे एकच पत्र आहे, म्हणून मुद्दाम घेतलं. बाकीच्यांची वाईटच टिकून आहेत.

रविवारचा बेत धरू नका. रविवारी तुम्ही चार भांड्यांची भाजी कराल आणि टाळ्यांची वाट बघाल, बाईंचा अनुभव तोच असणार. आठवड्यातल्या दोन रात्री घ्या, बुधवार आणि शुक्रवार म्हणा. बेत ठरलेला: भाकरी, एक उसळ, कांदा, दही. मंगळवारी रात्री चवळी किंवा मसूर भिजत घालायचं लक्षात ठेवणं हेही तुमचंच काम, तिने आठवण करायची नाही. ज्वारीचं पीठ ताजं दळून आणा, पंधरा दिवसांवरचं झालं की भाकरी थापताना चिरते आणि मग 'मला जमत नाही' सुरू होतं. उसळीत तेल दोन चमचे पुरे. कोल्हापुरात आहात, कटाचा मोह होईल, तो महिन्यातून एकदा.

ओट्याचं म्हणाल तर बाईंचं बरोबर आहे. भाकरीनंतर परात, तवा आणि ओट्यावरचं पीठ तुम्हीच निपटायचं, जेवायला बसायच्या आधी.